गंज गाडीला, जबाबदारी कोणाची?

मोटारीच्या दारावर गंजाचा एक ठिपका दिसला तरी मालक अस्वस्थ होतो. गाडीच्या पोटाखाली मात्र तो वर्षानुवर्षे डोकावत नाही. वास्तविक दाराच्या कडेला आलेला गंज गाडीची किंमत तेवढी कमी करतो. चाकांना गाडीशी जोडून ठेवणाऱ्या सस्पेन्शनच्या भागांना लागलेला गंज जीव घेऊ शकतो. असे असूनही कंपन्यांच्या वॉरंटीची रचना नेमकी उलटी आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या पत्र्याला अनेक वर्षांचे संरक्षण मिळते आणि प्रवाशांचा भार वाहणाऱ्या, पण न दिसणाऱ्या भागांची हमी दोन-तीन वर्षांत संपते. गंजाला पोलाद पोखरायला सात-आठ वर्षे लागतात. म्हणजेच धोका जेव्हा खऱ्या अर्थाने सुरू होतो, तेव्हा कंपनीची जबाबदारी कागदोपत्री संपलेली असते. अमेरिका, युरोप व जपानच्या बड्या कंपन्यांना गेल्या चार दशकांत या विसंगतीची मोठी किंमत मोजावी लागली आहे. भारतात वाहन परत बोलावण्याचा, म्हणजेच ‘रिकॉल’चा कायदा २०२१ पासून लागू झाला असला, तरी या विसंगतीवर त्यात उत्तर सापडत नाही.

विंडस्टारचा धडा

ऑगस्ट २०१० मध्ये फोर्ड कंपनीने अमेरिका व कॅनडातील सुमारे पावणेसहा लाख ‘विंडस्टार’ गाड्या परत बोलावल्या. १९९८ ते २००३ या काळातील ही कुटुंबवत्सल मिनीव्हॅन. तिच्या मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या पोलादी अ‍ॅक्सलला गंजामुळे भेगा जात होत्या आणि काही गाड्यांमध्ये तो चालत्या गाडीतच तुटत होता. अ‍ॅक्सल तुटला की मागची चाके आपली दिशा सोडतात आणि भरधाव गाडीवरील चालकाचा ताबा सुटतो. भेग वरून दिसत नसल्याने चालकाला आधी कल्पना येण्याची शक्यता फारशी नव्हती. मालकांच्या तक्रारी साचत गेल्यानंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने चौकशी हाती घेतली व त्यानंतर रिकॉलचा निर्णय झाला. ज्यांचा अ‍ॅक्सल तडकला होता त्यांना नवा बसवून देण्यात आला, इतरांच्या अ‍ॅक्सलला आधाराच्या पट्ट्या जोडण्यात आल्या. रिकॉल जाहीर होऊन दोन महिने होत नाहीत तोच, ऑक्टोबर २०१० मध्ये, मॅसॅच्युसेट्स राज्यात एका विंडस्टारला अपघात होऊन तिच्या तरुण चालकाचा मृत्यू झाला. त्या गाडीचा अ‍ॅक्सल तुटलेला आढळला होता.

या प्रकरणातील दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली म्हणजे रिकॉलच्या वेळी सर्वांत नवी विंडस्टारसुद्धा सात वर्षांची झाली होती आणि सर्वांत जुनी बारा वर्षांची. मूळ वॉरंटी या सर्व गाड्यांसाठी कधीच संपलेली होती. दुसरी गोष्ट अशी की, हा रिकॉल संपूर्ण अमेरिकेसाठी नव्हता. बर्फ वितळवण्यासाठी हिवाळ्यात जिथे रस्त्यांवर मीठ टाकले जाते, अशी २१ राज्ये, राजधानी वॉशिंग्टनचा परिसर आणि कॅनडा एवढ्यापुरताच तो मर्यादित होता.

विंडस्टार हा अपवाद नाही. ह्युंदाईने २००९ मध्ये १९९९ ते २००४ या काळातील ‘सोनाटा’ मोटारी याच मिठाच्या पट्ट्यातून परत बोलावल्या. तिथे पुढचा सबफ्रेम गंजून लोअर आर्म निखळण्याचा धोका होता. पुन्हा २०१३ मध्ये नंतरच्या सोनाटा आणि ‘अझेरा’ मिळून सुमारे दोन लाख ३९ हजार गाड्यांच्या मागच्या आडव्या तुळईबाबत तोच प्रकार घडला. फोर्डच्या ‘एक्सप्लोरर’ या गाडीतील मागच्या चाकाची दिशा राखणारा दांडा तुटण्यावरून २०१९ आणि २०२१ असे दोनदा रिकॉल झाले. २०२१ च्या रिकॉलमध्ये जगभरातील सुमारे पावणेआठ लाख गाड्या होत्या आणि गंजाचे प्रमाण जास्त असलेल्या प्रदेशांवरच त्याचा मुख्य भर होता. कंपन्या, मॉडेल आणि वर्षे बदलली. तुटण्याचे कारण मात्र बदलले नाही.

पोलाद कसे हरते?

सस्पेन्शन म्हणजे केवळ खड्ड्यांचे हादरे शोषणारी स्प्रिंग नव्हे. स्प्रिंग, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, लोअर आर्म, बॉल जॉइंट, हे सारे ज्याला बोल्टने जोडलेले असते तो सबफ्रेम आणि गाडीच्या सांगाड्यातील जोडणीच्या जागा, अशी ही साखळी आहे. यातील बरेच भाग दोन ते चार मिलिमीटर जाडीचा पत्रा दाबून व वेल्डिंग करून बनवलेले असतात. वजन कमी ठेवण्यासाठी ते आतून पोकळ असतात. या पोकळीत चिखल, धूळ आणि खारे पाणी शिरते. पाणी बाहेर जाण्यासाठी ठेवलेली छिद्रे चिखलाने बुजली की ओलावा आतच कोंडला जातो. वेल्डिंगच्या सांध्यापाशी रंगाचा थर मुळात पातळ असतो. गंज तिथूनच सुरू होतो. बाहेरून भाग काळा, धडधाकट दिसतो आणि आतून पत्रा सडत जातो.

मीठ या प्रक्रियेला कमालीची गती देते. मिठातील क्लोराइड पोलादावरील संरक्षक थर भेदते आणि मिठाचे पाणी विजेचे चांगले वाहक असल्याने गंजण्याची रासायनिक क्रिया वेगाने होते. शिवाय मीठ हवेतील ओलावा धरून ठेवते. त्यामुळे पाऊस थांबल्यावरही पोलाद ओलेच राहते.

स्प्रिंगची कहाणी थोडी वेगळी आहे. ती आतून सडत नाही, तडकते. तिचे पोलाद अतिशय कणखर असते आणि गाडी उभी असतानाही त्यावर सतत ताण असतो. रस्त्यावरील खडी उडून वरचे आवरण टवकले की तिथे गंजाचा लहानसा खळगा पडतो. प्रत्येक खड्ड्यागणिक ताण त्या खळग्यात एकवटतो, सूक्ष्म भेग वाढत जाते आणि एके दिवशी स्प्रिंग मोडते. मोडलेले टोक टायरमध्ये घुसल्याची उदाहरणे युरोपात अनेक आहेत.

या सर्वांवर तंत्रज्ञानात उपाय आहेत. पत्र्यावर जस्ताचा मुलामा देणे, विद्युतक्रियेने रंगाचा पहिला थर चढवणे, पोकळीत मेण भरणे, पाणी साचणार नाही अशी रचना करणे, हे सर्व कारखान्यांना अनेक दशकांपासून माहीत आहे. बाहेरच्या पत्र्यासाठी ते सर्रास वापरलेही जाते. आजच्या मोटारींची दारे तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या मोटारींसारखी सडत नाहीत, त्याचे श्रेय याच उपायांना आहे. खालच्या भागांबाबत मात्र खर्च वाचवण्याचा मोह कंपन्यांना आवरत नाही.

‘आरपार भोक’ या शब्दांतील मेख

गंजाविरुद्धच्या वॉरंटीची भाषा बारकाईने वाचली तर ही निष्काळजी कुठून येते हे कळते. जगभरच्या बहुतेक वॉरंटींमध्ये गंजाचे संरक्षण म्हणजे ‘आतून बाहेर आरपार भोक पडणे’ एवढेच गृहीत धरलेले असते आणि तेही ‘बॉडीच्या पत्र्या’पुरते. अमेरिकेत ही मुदत साधारणपणे पाच वर्षांची असते. युरोपात बारा वर्षांपासून तीस वर्षांपर्यंतचे दावे केले गेले आहेत. ऐकायला हा आकडा भारदस्त वाटतो. परंतु सबफ्रेम, लोअर आर्म, अ‍ॅक्सल आणि स्प्रिंग हे ‘बॉडीचा पत्रा’ नसल्याने ते बहुधा या संरक्षणात येतच नाहीत. ते येतात यांत्रिक भागांच्या सर्वसाधारण वॉरंटीत आणि ती दोन-तीन वर्षांत संपते.

दुसरी मेख म्हणजे ‘आरपार’ हा शब्द. दाराला भोक पडेपर्यंत थांबता येते, कारण त्याने कोणाचा जीव जात नाही. भार वाहणारा भाग मात्र भोक पडण्याच्या कितीतरी आधी, पत्रा निम्मा झिजला तरी तुटू शकतो. म्हणजे वॉरंटीची अट पूर्ण होण्याची वाट पाहणे हाच धोका ठरतो.

तिसरी मेख अटींची. दीर्घ मुदतीच्या वॉरंटी बहुतेक वेळा अधिकृत केंद्रातील नियमित तपासणीवर अवलंबून असतात. पुस्तिकेत एका वर्षाचा शिक्का राहिला की दावा नाकारता येतो. पहिला मालक चार-पाच वर्षांत गाडी विकतो, दुसरा ती बाहेरच्या गॅरेजमध्ये नेऊ लागतो आणि साखळी तुटते. शिवाय मीठ, समुद्राची हवा, औद्योगिक प्रदूषण, दगड लागणे ही ‘बाह्य कारणे’ सर्रास वगळलेली असतात. गंज लागण्याची बहुतेक सारी कारणे वगळून गंजाची हमी द्यायची, असा हा प्रकार आहे.

कंपन्यांची बाजू अगदीच निराधार नाही. गाडी कशी वापरली, धुतली का, कुठे उभी केली, पुरात बुडाली होती का, यावर कंपनीचे नियंत्रण नसते. कोणतीही वस्तू कायम टिकेल अशी हमी कोणी देऊ शकत नाही आणि तशी सक्ती केली तर गाडीची किंमत सर्वांसाठीच वाढेल. प्रश्न इतकाच आहे की, ज्या परिस्थितीत गाडी चालणार हे कंपनीला आधीपासून ठाऊक असते, त्या परिस्थितीला ‘बाह्य कारण’ म्हणता येईल का? अमेरिकी मोटार उद्योगाची राजधानी असलेले डेट्रॉइट शहरच मिठाच्या पट्ट्यात आहे. त्या शहराच्या पोटात मिठाची खाण आहे आणि तिथले मीठ हिवाळ्यात रस्त्यांवर टाकले जाते. गाडीचे आरेखन करणारा अभियंता स्वतः त्या मिठातून गाडी चालवत कचेरीत येतो.

झीज की दोष?

याच प्रश्नावर अमेरिकेतील एका अपील न्यायालयाने १९७५ मध्ये दिलेला निकाल आजही मार्गदर्शक मानला जातो. जनरल मोटर्सच्या पिकअप ट्रकची चाके मोडत होती; मालक क्षमतेपेक्षा जास्त माल भरतात, असे कंपनीचे म्हणणे होते. एखादा भाग लक्षणीय संख्येने निकामी होत असेल तर तो दोष मानला जाईल आणि मालकाचा गैरवापर किंवा अपुरी देखभाल कंपनीला आधी कल्पना करता येण्याजोगी असेल तर तिच्याआड कंपनीला लपता येणार नाही, असे तत्त्व न्यायालयाने घालून दिले. मात्र वय आणि वापर यांमुळे होणारी स्वाभाविक झीज त्यातून वगळली. गंज या दोन टोकांच्या नेमका मध्ये उभा आहे. कंपनीच्या दृष्टीने ती झीज आहे, मालकाच्या दृष्टीने दोष. आठव्या वर्षी दार गंजले तर ती झीज म्हणता येईल. पण वीस वर्षे वापरली जाणारी वस्तू आठव्या वर्षी कोणतीही पूर्वसूचना न देता दुभंगत असेल, तर तिला झीज म्हणणे कठीण आहे.

युरोपाने हा धडा त्याच सुमारास घेतला होता. फियाटच्या छत्राखाली आलेल्या ‘लान्चिया’ कंपनीची ‘बीटा’ ही मोटार १९७२ मध्ये बाजारात आली. तिचे इंजिन आणि पुढचे सस्पेन्शन ज्या सबफ्रेमवर बसवलेले होते, त्याच्या जोडणीच्या जागाच ब्रिटनच्या ओल्या, खारट हिवाळ्यात सडू लागल्या. १९८० मध्ये तिथल्या वृत्तपत्रांनी हे प्रकरण लावून धरले. कंपनीने सुरुवातीच्या काळातील अनेक गाड्या मालकांकडून विकत घेऊन भंगारात काढल्या. कंपनीने पैसे दिले, पण गेलेला विश्वास परत आला नाही. १९९४ मध्ये लान्चियाने ब्रिटनच्या बाजारपेठेतून काढता पाय घेतला.

टोयोटाची तीन उत्तरे

गंजाच्या प्रश्नावर कंपनीला किती मार्गांनी वागता येते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे टोयोटा. तिच्या ‘टॅकोमा’ या पिकअप ट्रकच्या चॅसीला, म्हणजे ज्यावर सस्पेन्शनसह सारे काही उभे असते त्या सांगाड्याला, गंजाची भोके पडत असल्याचे आढळले. पुरवठादार ‘डेना’ने चॅसीवर पुरेशी गंजरोधक प्रक्रिया केली नव्हती, असे निष्पन्न झाले. मार्च २००८ मध्ये टोयोटाने १९९५ ते २००० या काळातील आठ लाखांहून अधिक टॅकोमांची गंजविरोधी हमी १५ वर्षांपर्यंत वाढवली. दुरुस्त होण्यापलीकडे गेलेल्या गाड्या कंपनीने बाजारभावाच्या दीडपट किंमत देऊन परत घेतल्या. हे पहिले उत्तर. उदार असले तरी तो कायदेशीर रिकॉल नव्हता, ग्राहकांसाठीची सवलत होती.

दुसरे उत्तर नोव्हेंबर २००९ मधले. २००० ते २००३ या काळातील ‘टुंड्रा’ ट्रकचा मागचा आडवा दांडा गंजून स्टेपनी रस्त्यावर पडण्याचा आणि ब्रेकच्या नळ्यांना इजा होण्याचा धोका दिसला, तेव्हा २० थंड राज्ये व राजधानीच्या परिसरातील सुमारे एक लाख दहा हजार गाड्यांसाठी रिकॉल जाहीर झाला. तिसरे उत्तर न्यायालयाच्या दारात मिळाले. नंतरच्या टॅकोमा, टुंड्रा आणि ‘सेक्वोया’ अशा सुमारे १५ लाख गाड्यांच्या मालकांनी दाखल केलेल्या दाव्यात टोयोटाने २०१६ मध्ये ३४० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड मान्य केली. आपली चूक मान्य न करताच कंपनीने, पहिल्या विक्रीपासून १२ वर्षांपर्यंत चॅसीची तपासणी आणि गरज पडल्यास ती बदलून देण्याची जबाबदारी घेतली.

सवलत, रिकॉल आणि तडजोड यांतील फरक मालकाच्या दृष्टीने मोलाचा आहे. रिकॉलमध्ये सरकारी नोंद होते, प्रत्येक मालकाला कळवणे बंधनकारक असते आणि गाडी कितव्या हातात आहे याला महत्त्व नसते. सवलत कंपनीच्या मर्जीवर असते. तडजोडीसाठी आधी कोणीतरी न्यायालयात जावे लागते.

नकाशावर थांबणारा गंज

प्रादेशिक रिकॉलचा प्रश्नही असाच आहे. कोणत्या परिस्थितीत रिकॉल काही राज्यांपुरता मर्यादित ठेवता येईल, यासाठी अमेरिकी प्रशासनाने १९९८ मध्ये कंपन्यांना मार्गदर्शक सूत्रे कळवली. ग्राहक संघटनांनी त्यांना न्यायालयात आव्हान दिले, पण ही सूत्रे बंधनकारक नियम नाहीत या मुद्द्यावर अपील न्यायालयाने २००६ मध्ये ते फेटाळले. खर्चाच्या दृष्टीने ही पद्धत समजण्यासारखी आहे. वाळवंटातील ॲरिझोनात मिठाने गाडी सडत नाही. मात्र गाड्या एका राज्यात थांबत नाहीत. न्यू यॉर्कमध्ये आठ हिवाळे काढलेली गाडी लिलावातून टेक्सासला जाते आणि तिथला नवा मालक रिकॉलच्या यादीबाहेर राहण्याचा धोका असतो. न्यू जर्सी, मिशिगन किंवा टोरंटो परिसरात शिकायला गेलेले मराठी विद्यार्थी पहिली गाडी बहुधा जुनीच घेतात. त्यांनी गाडीचा सतरा आकडी ओळख क्रमांक अमेरिकी प्रशासनाच्या संकेतस्थळावर किंवा कंपनीकडे तपासून प्रलंबित रिकॉल पाहणे आणि गाडी लिफ्टवर चढवून खालून बघणे, ही दोन कामे व्यवहाराआधी केलीच पाहिजेत.

ब्रिटनने या प्रश्नाला तपासणीच्या बाजूने हात घातला आहे. तिथे मोटार तीन वर्षांची झाली की दरवर्षी ‘एमओटी’ चाचणी सक्तीची असते. सस्पेन्शनच्या जोडणीच्या जागेपासून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा धोकादायक रीतीने गंजला असेल तर गाडी नापास होते. मोडलेल्या स्प्रिंगही या चाचणीत सापडतात. गंज कंपनीच्या हमीत बसतो की नाही हा वाद नंतरचा. तोपर्यंत ती गाडी रस्त्यावर येत नाही.

भारतात काय?

भारतात रस्त्यांवर सहसा मीठ टाकले जात नाही, हिमालयातील बर्फाळ भागांचा अपवाद वगळता त्याची गरजही नसते. पण पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत आणि पुढे गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावर वारा हेच काम करतो. खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस, वर्षभराची दमट हवा आणि खड्ड्यांतले साचलेले पाणी यांतून मुंबईतील गाडी रोज जाते. २६ जुलै २००५ च्या प्रलयात हजारो गाड्या बुडाल्या. त्यानंतरही पाणी तुंबल्याने गाड्या बुडण्याचे प्रकार थांबलेले नाहीत. अशा गाड्या रंगवून, धुऊन जुन्या बाजारात येतात आणि पुणे, नाशिक, सोलापूरकडे जातात. ‘वरून झकास, खालून सडलेली’ हे वर्णन गॅरेजवाल्यांच्या तोंडी उगाच आलेले नाही.

कायद्याच्या बाजूने चित्र अर्धवट आहे. मोटार उत्पादकांच्या संघटनेने जुलै २०१२ पासून स्वेच्छा रिकॉलची संहिता स्वीकारली. त्यानंतर मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन ११० अ हे कलम आले आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून अमलात आले. प्रवाशांना किंवा रस्त्यावरील इतरांना धोका निर्माण करणाऱ्या दोषासाठी केंद्र सरकार कंपनीला गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. दुरुस्ती, बदली गाडी किंवा पूर्ण किंमत परत, असे मार्ग कायद्यात आहेत. दंड दहा लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंत आहे.

मात्र ही सक्ती सात वर्षांहून कमी वयाच्या गाड्यांपुरती आहे. इंजिन किंवा एअरबॅगच्या दोषासाठी ही मुदत कदाचित पुरेशी ठरेल. तो दोष लवकर उघड होतो. गंजाला ती पुरत नाही. हाच नियम अमेरिकेत असता तर विंडस्टारचा मागचा अ‍ॅक्सल आणि १९९५ ते २००० मधील टॅकोमाची चॅसी या दोन्ही प्रकरणांत सरकारला जवळजवळ एकाही गाडीसाठी सक्ती करता आली नसती. अमेरिकेत मोफत दुरुस्तीची कायदेशीर मुदत पूर्वी दहा वर्षांची होती. २०१५ मध्ये ती १५ वर्षांची करण्यात आली. शिवाय भारतात ठरावीक संख्येने तक्रारी पोर्टलवर आल्याशिवाय चक्र सहसा फिरत नाही आणि दहा वर्षांच्या गाडीचा लोअर आर्म तुटला तर मालक तक्रार नोंदवत नाही, तो मेकॅनिककडे जातो.

दुसरी पोकळी तपासणीची. टॅक्सी, ट्रक यांसारख्या व्यावसायिक वाहनांना ठरावीक काळाने फिटनेस तपासणी असते. खासगी मोटारीची नोंदणी मात्र एकदम १५ वर्षांसाठी होते आणि त्या काळात प्रदूषणाच्या ‘पीयूसी’खेरीज कोणतीही तांत्रिक तपासणी सक्तीची नाही. गाडी आरटीओपुढे तपासणीसाठी उभी राहते ती थेट पंधराव्या वर्षी, री-पासिंगला. म्हणजे सातव्या वर्षी कंपनीवरील सक्ती संपते आणि पंधराव्या वर्षी सरकारची नजर पडते. मधल्या आठ वर्षांत गंज आपले काम करत असतो आणि गाडी बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाकडे असते. ती सर्वांत धोकादायक असते तेव्हाच तिच्याकडे कोणीही पाहत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याने उत्पादकाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आणले, ही जमेची बाजू. आरेखनातील किंवा निर्मितीतील दोषामुळे इजा झाल्यास निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज उरलेली नाही. परंतु या प्रकरणात ‘हानी’ची व्याख्या करताना खुद्द वस्तूचे झालेले नुकसान वगळले आहे. अपघात होऊन कोणी जखमी झाले तर उत्पादकाच्या दायित्वाचा दावा उभा राहतो. वेळीच लक्षात येऊन मालकाने स्वखर्चाने सबफ्रेम बदलला तर त्या खर्चासाठी हे प्रकरण उपयोगी पडत नाही. सदोष मालाच्या नेहमीच्या तक्रारीचा मार्ग खुला असला, तरी वॉरंटी संपलेल्या गाडीसाठी ती वाट बिकटच असते. सावध राहणाऱ्याला दंड आणि अपघात झाल्यावरच दाद, हे उलटे गणित आहे.

बदल कुठे हवा?

यावर फार क्रांतिकारक उपायांची गरज नाही. पहिला बदल वॉरंटीच्या भाषेत हवा. भार वाहणारे भाग, म्हणजे चॅसी, सबफ्रेम, अ‍ॅक्सल, लोअर आर्म आणि त्यांच्या जोडणीच्या जागा, यांच्यासाठी बॉडीच्या पत्र्याइतकीच मुदत द्यावी आणि ‘आरपार भोक’ ही अट तिथे लावू नये. दुसरा बदल रिकॉलच्या नियमांत. सात वर्षांची मर्यादा सरसकट न ठेवता गंजासारख्या उशिरा उघड होणाऱ्या दोषांसाठी ती गाडीच्या १५ वर्षांच्या नोंदणीशी जोडता येईल. तिसरा बदल तपासणीचा. स्वयंचलित चाचणी केंद्रे उभी राहत आहेतच. सातव्या किंवा आठव्या वर्षी आणि मालकी बदलताना खासगी गाडीची खालून एकदा तपासणी सक्तीची केली, तर सडलेल्या गाड्या हात बदलण्याआधीच उघड्या पडतील आणि सरकारलाही कोणत्या मॉडेलमध्ये कोणता भाग गंजतो याची माहिती आपोआप मिळेल. आज ही माहिती फक्त गॅरेजवाल्यांच्या डोक्यात आहे.

तोवर जबाबदारी मालकावरच आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर गाडी लिफ्टवर चढवून सबफ्रेम, लोअर आर्म आणि स्प्रिंगच्या बैठका पाहणे, पाणी जाण्याची छिद्रे मोकळी करून घेणे, किनाऱ्यावरून आल्यावर गोड्या पाण्याने खालचा भाग धुणे, या साध्या गोष्टी आहेत. वळताना ‘कट्’ असा आवाज येणे, गाडी एका बाजूला ओढणे, एकच टायर वेगाने झिजणे किंवा एका कोपऱ्यावर गाडी बसलेली दिसणे, या खुणांकडे दुर्लक्ष करू नये. आधीच गंजलेल्या भागावर अंडरबॉडी कोटिंग मारून घेणे तर अधिक घातक, कारण ओलावा आतच दडतो आणि गंज दिसेनासा होतो. भाग गंजून तुटला तर तो भंगारात न टाकता जपून ठेवावा, त्याची छायाचित्रे काढावीत आणि कंपनीबरोबरच केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या पोर्टलवरही तक्रार नोंदवावी. एका तक्रारीने रिकॉल होत नाही, पण नोंदच नसेल तर शंभर गाड्या तुटूनही होत नाही.

विंडस्टार असो वा टॅकोमा, दोन्ही प्रकरणांत गंज एका रात्रीत आला नव्हता आणि कंपन्यांना तो अनपेक्षितही नव्हता. मालकांनी तक्रारी लिहिल्या, त्या एका ठिकाणी मोजल्या गेल्या आणि कायद्याने जुन्या गाडीलाही दार उघडे ठेवले, म्हणून कंपन्यांना जबाबदारी घ्यावी लागली. आपल्याकडे गाड्यांची संख्या वाढत आहे, त्या अधिक वर्षे वापरल्या जात आहेत आणि किनाऱ्याची हवा पूर्वीइतकीच खारी आहे. आज नव्या असलेल्या लाखो गाड्या सात वर्षांची रेषा ओलांडतील, तेव्हा त्यांच्या पोटाखाली काय चालले आहे हे पाहण्याची जबाबदारी कोणाची, हे तोपर्यंत ठरलेले असावे.